कुठून टपकला?

"आता मला सांगा, तो जावई कुठून टपकला?" थिएटरच्या फाटकातून गाडी बाहेर काढता काढता ड्रायव्हरनं विचारलं. "दोन तास पत्ता नाही, आणि शेवटी म्हणे तोच खुनी! याला काय गोष्ट म्हणायची?"

मागे बसलेला मेहुणा खुदकन हसला. पिक्चर सुटला की भाऊजींचा खेळ सुरू होतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरी करमणूक तीच असायची.

"भाऊजी, तो पहिल्यापासून होता की. म्हातारा औषध घेत होता तेव्हा खिडकीपाशी कोण उभं होतं?"

"काहीतरी सांगू नकोस. खिडकीपाशी कुणी नव्हतं."

"होता हो," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "निळ्या स्वेटरमध्ये. डावीकडे."

"तुम्ही भाऊ-बहीण म्हणजे एका माळेचे मणी." त्यानं गिअर बदलला. "हल्ली सगळे पिक्चर असेच. मागच्या महिन्यातला तो कोर्टाचा घ्या. वकिलाची बहीण अचानक उठते आणि साक्ष द्यायला लागते. होती कुठे इतका वेळ? आणि त्याच्या आधीचा, ज्याच्यावर सगळं जग फिदा आहे तो. हिरो नदीत बुडतोय आणि कुत्रा टपकतो! अरे बाबांनो, कुत्रा आधी दाखवा ना. या लिहिणाऱ्यांनी अक्कल गहाण टाकलीय, दुसरं काय!"

मेहुण्याची हसून हसून पुरेवाट झाली होती. बायको हसली नाही.

वकिलाची बहीण प्रत्येक सुनावणीला बाकाच्या टोकाशी विणत बसलेली असायची. कुत्रा तर पहिल्या गाण्यापासून हिरोच्या मागेमागे होता. एका पिक्चरची गोष्ट असती तर तिनं सोडून दिली असती. पण परवा तिनं त्याच्या डाव्या हाताशी चहाचा कप ठेवला, तो त्याच्या कोपरानं उडाला, आणि हा तिच्यावरच खेकसला, "इथं कुणी ठेवला?" शाळेच्या फाटकाला त्याची बस घासली तेव्हा यानं खांबालाच शिव्या घातल्या होत्या. तिनं ते सगळं रागीट स्वभावाच्या खात्यावर टाकलं होतं. नजरेबद्दल शंका यायचं कारणच नव्हतं. पुढच्या ट्रकवरची बारीक अक्षरं तो अजून सहज वाचायचा. शाळेची बस डोळ्यांत तेल घालून चालवणारा माणूस, आयाबाया निर्धास्त होऊन त्याच्या हाती पोरं सोपवायच्या.

तिनं पुढे सरकून रस्त्यावर नजर लावली.

"अहो, जरा हळू."

"हळूच आहे. आता त्यातलं ते गाणंच घे..."

अजून लख्ख ऊन होतं आणि रस्ता मोकळा होता. डाव्या कडेनं एक बाई सायकलवर चालली होती, हँडलला पिशवी लटकत होती. मागच्या चौकापासून बायको तिच्याकडेच बघत होती. घराकडे वळायचा रस्ता आला. ड्रायव्हरनं डावीकडचा दिवा लावला. आता हा थांबेल, बाईला पुढे जाऊ देईल, असं बायकोला वाटलं. तो गाण्याबद्दल बोलतच होता, आणि बोलता बोलता त्यानं स्टिअरिंग वळवलं.

"अहो, सायकल!"

करकचून ब्रेक लागला. मेहुणा पुढच्या सीटवर आपटला. सायकलवाली एक पाय जमिनीवर टेकून, एक हात बॉनेटवर ठेवून उभी होती. पिशवीतले बटाटे रस्ताभर घरंगळले होते. ती भांडली असती तर बरं झालं असतं.  पण बटाटे तिथेच टाकून ती सायकल हातात धरून चालत निघून गेली.

"कुठून टपकली ही?" ड्रायव्हर ओरडला.

 मेहुण्याचं हसू कुठल्या कुठे पळालं.

"ती मघापासून आपल्या पुढे होती," बायको म्हणाली. "डावीकडे."

"एकदम आडवी आली ती!"

"समोर बघा. मान वळवायची नाही." तिनं त्याच्या डाव्या गालाजवळ हात वर केला. "किती बोटं?"

"कसली बोटं?"

तिनं हात थोडा पुढे नेला. मग आणखी थोडा. हात जवळजवळ त्याच्या नाकासमोर आला तेव्हा तो बारीक आवाजात म्हणाला, "दोन."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. ड्रायव्हरनं गाडी बंद केली आणि दार उघडून तो खाली उतरला. मेहुणा पुढे येऊन स्टिअरिंगवर बसला. ड्रायव्हर मागे बसला. बायकोही उठून त्याच्याशेजारी मागे गेली.

गाडी बरीच पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, "तो जावई... खरंच होता?"

"होता."

"वकिलाची बहीण?"

"कोपऱ्यात बसून विणायची."

"कुत्रा?"

"तोसुद्धा."

त्यानं मान डोलावली. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. ते गुडघ्यांवर पडून होते.

"पोरं डावीकडूनच चढतात," तो म्हणाला.

तिला रडू आलं. तिनं त्याचा हात धरला. तो त्यानं हळूच सोडवून घेतला, खिशातून फोन काढला आणि शाळेत लावला.

"सर, उद्यापासून माझ्या बसवर दुसरा माणूस पाठवा... नाही, ताप नाही. गावाला पण जायचं नाहीये." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.  "पिक्चर बघून आलोय, सर."