चुकीचा केक

डेन्मार्कमधल्या आल्बोर्गच्या एका फेरीबोट कंपनीच्या कचेरीत रिवाजच होता: ज्याची चूक, त्यानं शुक्रवारी सगळ्यांना केक आणायचा. सोमवारी डेटाबेस बंद पडला, फेरीबोटीची तिकिटं अडकली, आणि साहेब टोर्बेननं चारचौघांत व्हिबेकेला झापलं. "केक तुझा, बाई! आणि लेखी ताकीदही!" वीस वर्षं डेटाबेस सांभाळणाऱ्या व्हिबेकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डेटाबेस स्वतःची रोजनिशी लिहितो, ती अलर्ट लॉगची फाइल तिनं सर्व्हरवरून हुडकून काढली आणि सोमवारच्या ओळी वाचल्या. "मेल्या, तूच होय!" शुक्रवारी तिनं भलाथोरला केक आणला. "चूक कबूल केलीस, शाब्बास!" म्हणत टोर्बेननं खोक्याचं झाकण उघडलं. क्रीमवर चॉकलेटनं लॉगमधली ओळ जशीच्या तशी उतरवली होती: "सोमवार, ९.१४. बंद करण्याचा हुकूम, टोर्बेनच्या लॅपटॉपवरून." कचेरीत हशा उसळला. "ताकीद तशीच ठेव," व्हिबेके म्हणाली, "फक्त वरचं नाव बदल."