बाप्तिस्म्याचा सराव

बाप्तिस्मा उद्यावर आला होता. बाळाची आई पांढऱ्या झबल्याला लेस लावत होती. धर्मपिता होणारा धाकटा दीर दारू ढोसून पाळण्यावर वाकून बरळला, "दादा, हे नाक आपल्या घरातलं नाही हं!" खाटीक नवऱ्याने पहिल्याच ठोशात भावाचं नाक फोडलं, त्याला फरशीवर आडवं केलं आणि छातीवर गुडघा रोवून सुरा गळ्याला लावला. कातडी चिरली. टोमणा तिलाही झोंबला होता, तरी ती मध्ये पडली. नवऱ्याच्या कोपराने तिला भिंतीवर आदळलं. तिथूनच तिने बाप्तिस्म्यात बापाला आणि धर्मपित्याला विचारतात तो, फादरांनी सरावात घोटून घेतलेला प्रश्न खणखणीत विचारला, "सैतानाचा त्याग करता का?" "करतो!" नवरा ओरडला. "करतो!" सुऱ्याखालून दीरही ओरडला. सुरा गळून पडला. तिने तेच झबलं दिराच्या नाकावर दाबलं. "उद्या चर्चमध्येही असंच मोठ्यानं बोला. सरावाला दोघंही नुसते पुटपुटत होतात."