डावा गाल

नाकाच्या कडेने ओठापर्यंत उतरणाऱ्या घडीत, नेलिदाच्या दोन्ही गालांवर, प्रयोगशाळेतल्या सिओमाराने कापसाच्या काडीने हरभऱ्याएवढा ठिपका लावला आणि घड्याळाची कळ दाबली. "दहा सेकंद झाले. दोन्या नेलिदा, उजवा?"

"काही नाही."

"डावा?"

नेलिदाने भिंतीकडे पाहिलं. शेजारच्या खुर्चीत नेलिदाची मैत्रीण आल्बा आपले ठिपके मिरवत डोळे मिटून बसली होती.

"डावा लिहू नकोस, पोरी," नेलिदा शेवटी म्हणाली. "मी खोटं बोलले. जानेवारीत बर्फावरून घसरले, गालाचं हाड मोडलं. तेव्हापासून हा गाल मेलाय. चिमटा काढला तरी कळत नाही."

सिओमाराचं पेन कागदावरच थांबलं. "आणि मागच्या आठवड्यात कातडी तपासायला आम्ल लावलं तेव्हा केवढ्याने ओरडलात!"

"ते उजवीकडे लावलं होतंस. माझं नशीब."

पॅटर्सन शहरातल्या या प्रयोगशाळेत आठ-दहा बायकांना सगळे 'झोंबऱ्या' म्हणत. दुकानात जाण्याआधी प्रत्येक क्रीम आधी यांच्या गालाला झोंबतं का, ते पाहायचं. त्यात नेलिदा म्हणजे झोंबऱ्यांची महाराणी; सिओमारा तिला मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणे. ज्या कातडीपायी आईने आणि सासूने तिला जन्मभर 'नाटकी' म्हणून हिणवलं, त्याच कातडीला इथे मान होता. कितीतरी क्रीमं तिच्या गालावरूनच माघारी गेली होती. या खुर्चीचा तिला भारी अभिमान, आणि का नसावा? म्हणून तर अर्जातल्या 'चेहऱ्यात काही बदल?' या प्रश्नापुढे तिने डोळे झाकून 'नाही' लिहिलं होतं.

आजचं क्रीम बावचीच्या बियांचं होतं. सुरकुत्या घालवणारं, सगळं झाडपाल्याचं. कंपनीला खोक्यावर 'मुळीच झोंबत नाही' असं छापायचं होतं. प्रत्येकीच्या एका गालावर ते क्रीम, दुसऱ्यावर साधा लेप. कुठे काय, हे सिओमारालाही ठाऊक नव्हतं.

"मग आजच बरं सांगावंसं वाटलं?" सिओमारा चिडली होती, पण तिचा आवाज चढला नाही.

नेलिदाने मांडीवरचा जांभळा झगा सारखा केला. ऑक्टोबर होता. या महिन्यात चमत्कारांच्या प्रभूची मिरवणूक निघेपर्यंत, व्रत म्हणून, ती दुसरा रंग घालत नसे. "हा अंगावर घालून 'काही नाही' म्हणवेना. माझ्या शब्दावर विसंबून उद्या कुणाची तरी लेक हे तोंडाला फासायची आणि तोंड पोळून घ्यायची."

"तुमचं नाव काढावं लागेल, दोन्या."

"काढ. पण आल्बाला सांगू नकोस हं."

"आल्बाला कान आहेत," आल्बा डोळे न उघडता म्हणाली. "आणि डोळेही. ईस्टरच्या जेवणात वरच्या ओठाला केवढी चटणी चिकटली होती, बाईला पत्ताच नाही. मी पुसली, तर म्हणते, कशाला लाड करतेस!"

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू बोलायची वाट बघत होते."

सिओमाराने लाल पेन घेतलं आणि नेलिदाच्या नावावर रेघ ओढायला सुरुवात केली. "पाच मिनिटं होईपर्यंत मात्र उठायचं नाही. नियम म्हणजे नियम."

"बसते की. शेवटचंच बसणं."

घड्याळ टिकटिकत राहिलं. अडीच मिनिटांनी आल्बाने उजव्या गालाला झोंबण्याचा तीनपैकी एक गुण दिला. नेलिदा समोरच्या भिंतीकडे बघत होती. या भिंतीवरचा पोपडासुद्धा आता आपल्याला दिसणार नाही, या विचाराने तिला भरून आलं. मग तिने मान वळवली.

"आल्बा, माझ्या गालाला हात लावलास?"

"मी? माझे हात हे बघ, मांडीवर."

"मग कोण चालतंय?"

"कुठे चालतंय?"

नेलिदाने बोट उचललं, पण गालाला टेकवलं नाही. इथे हात लावायची मनाई होती, आणि महाराणीने नियम मोडला नाही. ती नुसती ताठ बसून राहिली. मुंगी चालावी तसं काहीतरी नाकाच्या कडेने खाली आलं, ओठापाशी थांबलं आणि कडकडून चावलं.

"झोंबतंय," ती पुटपुटली. मग ओरडलीच. "सिओमारा! अगं, डावा झोंबतोय! डावा!"

सगळ्या रांगेच्या माना वळल्या. आल्बाचे डोळे आता टक्क उघडे होते. लाल रेघ नेलिदाच्या नावाच्या मधोमध थांबली होती.

"नीट सांगा, दोन्या. शून्य, एक, दोन की तीन?"

"तीन! चार असतील तर चार लिही."

"चार नसतात हो." सिओमाराने तीन लिहिले. आकडा जरा वाकडा आला.

"उपकार झाले," नेलिदा म्हणत होती. "प्रभूचे झाले, तुझे झाले, त्या बियांचेसुद्धा झाले. आल्बा, बघ ना गं, किती झोंबतंय!"

"बघतेय," आल्बा म्हणाली आणि नाक ओढलं. "बिचारी कंपनी!"

तीन म्हटले की ताबडतोब पुसायचं, हा तिथला पहिला नियम. सिओमारा ओला कापूस घेऊन धावत आली. नेलिदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, डाव्या गालावरून सरळ खाली.

नेलिदाने तिचं मनगट धरलं.

"पुसू नकोस गं," ती म्हणाली. "अजून एक मिनिट राहू दे."