आता मिटा

पापण्या ओघळून डोळ्यांवर आल्या, सुईत दोरा ओवता येईना, म्हणून शिवणकाम करणाऱ्या मावशी ऑपरेशनच्या टेबलावर आडव्या झाल्या होत्या. भूल फक्त पापण्यांना होती. कान आणि जीभ शाबूत होती.

“टाके सरळ घाला हं,” त्या म्हणाल्या. डॉक्टर हसले आणि त्यांनी शेवटचा दोरा कापला.

“दोन्ही डोळे सारखे उघडतात का बघू. उघडा.”

मावशींनी जोर लावला, पण पापण्या जागच्या हलल्या नाहीत. अंधार तसाच राहिला.

“छान. आता डावीकडे बघा. हं.”

“अहो, अजून उघडलेच नाहीत.”

नर्सच्या हातातला ट्रे खणखणला.

“आता मिटा,” डॉक्टर म्हणाले.

“मिटलेलेच आहेत.”

चाकांचं स्टूल झपकन मागे सरकलं.

“मिटा, मावशी.” डॉक्टरांचा आवाज आता दाराकडून आला. “माझ्याकडे असं बघू नका.”