थोरल्याबद्दल एक शब्द

“जाताना आईनं माझं नाव घेतलं?” थोरल्याने विचारलं.

“नाही,” त्याचा मधला भाऊ, मास्तर, म्हणाला.

“एकदाही नाही?”

“नाही म्हटलं ना.”

ठोसा सरळ नाकावर बसला. मास्तर स्टुलासकट मागे गेला, शिलाई मशीनवर आपटला, आणि छोटीने सकाळीच बेतून ठेवलेल्या पांढऱ्या कापडावर रक्त उडालं.

आईला जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. तिघा भावंडांनी एकत्र जेवायचं, तिच्या आठवणी काढायच्या, हा बेत छोटीचा. जागाही तिचीच, कपडे शिवायचं दुकान. रविवार म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं. थोरला तुरुंगातून सुटला त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. बापाच्या खुनाबद्दल चौदा वर्षं काढली होती त्याने.

सुरुवात तशी झकास झाली. आई लोकांचे कपडे इस्त्री करायची आणि करता करता शर्टांशी बोलायची. छोटीने तिची हुबेहूब नक्कल केली. “कॉलर बघा साहेबांची, आणि बटणं दोनच!” तिघंही हसली. मास्तरसुद्धा हसला, आणि तो तर आठवीला गणित शिकवतो, हसायचं म्हटलं तरी त्याला वेळापत्रक लागतं. मग थोरल्याने तो प्रश्न काढला. आई गेल्यापासून तेवढ्या एकाच प्रश्नावर तो जगला होता.

“ऊठ,” तो म्हणाला.

मास्तर उठला. थोरल्याने त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आदळलं. हँगरचे कपडे धडाधड खाली आले. दुसरा ठोसा बरगडीत, तिसरा पोटात. तुरुंगाच्या सुतारखान्यात रंधा मारलेला हात तो, हलका कसा पडणार? मास्तर वाकला, पण त्याने तोंडही झाकलं नाही.

“हात उचल की,” थोरला म्हणाला. “का तेवढीही लाज उरली नाही? ही पोर दर महिन्याला दोन बस बदलून यायची. आधी शेजारच्या काकूंचं बोट धरून, मग एकटी. अंगात ताप असतानाही आलीय. तू एकदा तरी तोंड दाखवलंस?”

“दादा, सोड त्याला. मरेल तो.”

“मरू दे. मी काय, नावाजलेला खुनी आहे. एकाचे दोन.”

छोटी मध्ये पडली. थोरल्याने तिला खांद्याला धरून अलगद बाजूला केलं. तिला साधं ढकलणंही त्याच्याच्याने झालं नसतं. जीव होता त्याचा तिच्यावर. दुकानात पाऊल टाकल्याबरोबर त्याने पाहिलं होतं की मशीन, कात्र्या, रिळं सगळं आहे, इस्त्री तेवढी नाही. शिवलेले कपडे ती समोरच्या लाँड्रीत पाठवायची. बापाचा खून इस्त्रीनेच झालेला. पोर अजून त्या धक्क्यातून सावरली नाही, असं त्याला वाटलं होतं.

त्याने टेबलावरची कापड कापायची मोठी कात्री उचलली आणि टोक मास्तरच्या गळ्याला लावलं.

“सांग. आई मला भेटायला का आली नाही?”

“तिला तुझ्या तोंडाकडे बघवलं नसतं.”

“कसं बघवणार?” थोरल्याचा आवाज फाटला. मग जे तो कोर्टातही बोलला नव्हता ते बोलून गेला. “मी नाही मारलं बापाला. आईनं मारलं.”

मास्तरने छोटीकडे पाहिलं.

“मी कामावरून आलो तर बाप डोकं फुटून पडलेला. आई समोर उभी, हातात इस्त्री. मागे मोरीत नळ वाहतोय, त्याची तिला शुद्ध नाही. मी इस्त्री काढून घेतली, तिला शेजारी पाठवलं आणि पोलिसांना सांगितलं, मी मारलं. बरं केलं तिनं. रोज मरेस्तोवर मारायचा तिला, त्याच इस्त्रीनं तिचा दंड भाजला होता त्यानं. तू क्लासला, ही शाळेत. बारा वर्षांची होती ही. तुम्हाला आई उरावी म्हणून आत गेलो मी.”

तो रडायला लागला. एवढा दांडगा गडी, पण लहान पोरासारखा रडला.

“मला दुसरं काही नको होतं रे. ‘माझा थोरला गुणाचा’ एवढं ती कोणापाशी बोलली असती, तरी माझी चौदा वर्षं कारणी लागली असती.”

कात्री गळ्यावरून खाली आली, पण त्याने ती हातातून टाकली नाही. आपण एवढी मोठी गोष्ट सांगितली आणि दोघांपैकी कोणी दचकलंसुद्धा नाही, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

“तू मारलं नाहीस हे ठाऊक आहे मला,” मास्तर बाहीने रक्त पुसत म्हणाला. “त्याच रात्री आईनं सांगितलं.”

“तरी आला नाहीस?”

“तुझ्यासमोर बसायचं आणि मूग गिळून परत यायचं. आईला ते जमलं नाही. मलाही नाही जमलं.”

छोटीने शटर पूर्ण खाली ओढलं आणि ती थोरल्यासमोर येऊन बसली, त्याचा हात सहज पोहोचेल इतकी जवळ. कात्रीकडे तिने पाहिलंही नाही.

“त्या दिवशी मी शाळेत गेलेच नव्हते, दादा,” ती म्हणाली. “आईनं ती इस्त्री माझ्या हातातून काढून घेतली होती.”