अण्णांचा खाकरा

पहिलं गाणं सुरू झालं तशी आई पदराला हात पुसत बाहेर आली. भिंतीवरच्या स्पीकरकडे बघत म्हणाली, "अगं मृणाल, यांचा खाकरा कुठे गेला?"

मृणालच्याही तेच लक्षात आलं होतं. रेडिओवरचं गाणं टेप करताना अण्णा आधी खाकरायचे, मग तारीख आणि वार सांगायचे. मागे आईच्या कुकरची शिट्टी असायचीच. अण्णा जाऊन दोन महिने झाले होते आणि त्यांचा आवाज तेवढाच उरला होता. गेल्याच आठवड्यात तिने सगळ्या कॅसेट घरच्या नव्या, बोलत्या सर्व्हरवर चढवल्या होत्या, आणि फिती विरल्या म्हणून भंगारात दिल्या होत्या.

"अण्णांचं बोलणं कुठे आहे?" तिने सर्व्हरला विचारलं.

"सगळी गाणी ओळखून मूळ प्रतीसारखी स्वच्छ केली आहेत," सर्व्हर अदबीने म्हणाला. "खरखर, शिट्ट्या, बोलणं काढून टाकलं. हल्ली सगळ्याच घरांत असंच करतात."

"परत आण."

"गोंगाट साठवायची सोय नाही."

आई सोफ्याच्या कडेवर टेकली. "त्यात काय एवढं? मला पाठ आहे सगळं. मी सांगते, त्याला भरून घेऊ दे."

मृणाल काही बोलायच्या आत आई खाकरली, अगदी अण्णांसारखी, आणि म्हणाली, "अकरा ऑगस्ट, मंगळवार."

"खोलीत गोंगाट आहे," सर्व्हर म्हणाला. "गाण्याचा आवाज वाढवतो."

आईचे ओठ हलत राहिले. मृणाल "थांब, थांब" म्हणत होती, पण ते तिचं तिलाही ऐकू येईना.