बांधून ठेवलेला तांडेल

टोप समुद्रात उलटा झाला आणि होडीत बसलेल्या रसिकाने घड्याळाचं बटण दाबलं.

टोप हे देवबाग गावच्या लोकांनी ठेवलेलं नाव. कंपनीच्या लेखी ती कॅप्सूल होती, माणसांना अंतराळात नेऊन परत समुद्रात उतरवणारी. उतरताना उलटी पडलीच, तर डोक्यावरच्या हवेच्या पिशव्या फुगून तिने पाच मिनिटांत आपली आपण सरळ व्हायचं होतं. त्या पिशव्या रसिकाच्या. तीन वर्षं ती कुडाळच्या आईवडिलांपेक्षा त्यांचीच काळजी जास्त करत होती. उद्यापासून पावसाळ्यासाठी होड्या वर ओढल्या जाणार होत्या. आजची चाचणी जमली नाही, तर कंपनी दुसऱ्या कुणाच्या तरी पिशव्या घेऊन मोकळी होणार होती.

एक मिनिट गेलं. दोन गेली. पिशव्या सावकाश फुगत होत्या. तिसऱ्या मिनिटाला तिच्या शेजारी धप्प आवाज झाला.

होडीचा म्होरक्या, तांडेल बाबली, साठीचा गडी. तो दोर घेऊन पाण्यात उतरला होता. कुणी काही बोलायच्या आत त्याने कॅप्सूलच्या कडीला दोर अडकवला, इंजिनावरच्या शिवाला हात केला, होडीने हिसका दिला आणि टोप कसा छान सरळ झाला. बाबली वर चढला आणि तोंड पुसत शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

"बाबलीकाका, ह्यां काय केल्यात!" रसिका किंचाळली. "आत माणूस नाय, बाहुलो आसा. सकाळीच सांगितलंय मां तुमका!"

"माका ठावक आसा गो," बाबली ओशाळला. "पण दर्यात उपडां पडलेलां कायव बघलंय काय माजो जीव ऱ्हवणा नाय."

सगळं मुसळ केरात गेलं होतं. रसिकाला रडू येत होतं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसूही. पिशव्या फुगवणाऱ्या गॅसच्या सिलिंडरांचा आता एकच जोड उरला होता.

"मगे माका बांधा," बाबलीने आपणहून हात पुढे केले.

तिने त्याला होडीच्या आडव्या फळीला बांधलं. बाबलीने गाठ बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"ही गाठ? मिया शिंकलंय तरी सुटतली. सोड ती. दोर खालसून घे. आता वड. आणखी वड!"

स्वतःला कसं जखडायचं हे त्याने तिला नीट शिकवलं. सोबतीला आलेला कंपनीचा विनीत हसून हसून बेजार झाला. पुढच्या वर्षी त्या कॅप्सूलमध्ये बाहुल्याच्या जागी तोच बसणार होता.

टोप पुन्हा उलटा केला. तिसरं मिनिट आलं तसा बाबलीने दोराला हिसका दिला. चौथ्याला त्याने देव रवळनाथाला हाका मारायला सुरुवात केली. "बाय माजे, सोड माका! बुडतलो तो!" होडी डुलायला लागली. रसिकाने घड्याळावरची नजर काढली नाही. विनीतचं हसू केव्हाच थांबलं होतं.

वीस सेकंद राहिली असताना टोप डचमळला, कलला आणि खळ्ळकन सरळ झाला.

शिवाने शिट्टी मारली. रसिका घड्याळ हातात धरून मोठमोठ्याने रडली. इतका आनंद तिला उभ्या जन्मात झाला नव्हता. बाबलीही जागच्या जागी नाचायला बघत होता, पण त्याचीच गाठ त्याला हलू देईना.

विनीत खाली बसून ती सोडवू लागला. बाबलीच्या मनगटांवर दोराचे लाल वळ उठले होते. विनीतने त्यांवरून अंगठा फिरवला.

"रसिका, तुझ्या पिशव्या उत्तम आहेत," तो म्हणाला. "पण मी आत असेन त्या दिवशी काकांना बांधू नका."